टास्करच्या प्रोजेक्टला गिटची जोड: पहिल्या निर्यातीपासून जुन्या आवृत्तीकडे परतण्यापर्यंत

बँकेचा एसएमएस आला की त्यातील रक्कम आणि दुकानाचे नाव वेचून खर्चाच्या वहीत आपोआप नोंद करणारा एक प्रोजेक्ट मी टास्कर या फोनवरची कामे स्वयंचलित करणाऱ्या अ‍ॅपमध्ये बांधला होता. तो दीड वर्ष बिनतक्रार चालला. 2025 मध्ये एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर जोडण्याचा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) नियम लागू झाला आणि पाठवणाऱ्याचे नाव तंतोतंत जुळवणारी माझी अट एका दिवसात निकामी झाली. दुरुस्ती खरे तर एका ताऱ्याची, म्हणजे 'इथे काहीही चालेल' असे सांगणाऱ्या * या चिन्हाची होती. ते ध्यानात येईपर्यंत मी निरनिराळ्या सात ठिकाणी हात घातला होता आणि 'खर्च नवीन', 'खर्च नवीन 2' व 'खर्च शेवटचा' अशा नावांच्या प्रती करून ठेवल्या होत्या. त्यांपैकी चालणारी कोणती आणि मोडलेली कोणती, हे मला स्वतःलाच सांगता येईना. त्यानंतर मी फोनवरचे सर्व स्वयंचलन गिटखाली, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक आवृत्तीचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाखाली आणले. ते करताना ज्या खाचखळग्यांत पाय अडकला, ते टाळून तुम्हाला सरळ जाता यावे, यासाठी हा लेख आहे.

लेख अँड्रॉइडवरील टास्कर वापरणाऱ्यांसाठी आहे. टास्कर तुम्हाला बेताचे येते आणि गिटचे फक्त नाव ऐकले आहे, असे मी धरून चालतो. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच लिहायची आहेत. टास्करच्या मेनूंची मांडणी आवृत्तीगणिक थोडी बदलते, त्यामुळे एखादा पर्याय सांगितलेल्या जागी दिसला नाही तर त्याच्या आसपास शोधावा.

सुरुवातीला काय जवळ हवे

- टास्कर असलेला अँड्रॉइड फोन. टास्करच्या सेटिंगमधील 'बिगिनर मोड' बंद असावा, कारण तो चालू असताना प्रोजेक्टची सोय वापरता येत नाही.
- टर्मक्स हे टर्मिनल अ‍ॅप आणि पुढे लागणारे त्याचे टर्मक्स:टास्कर हे जोडअ‍ॅप.
- गिटहब किंवा कोडबर्ग अशा, गिटमधील काम इंटरनेटवर ठेवू देणाऱ्या एखाद्या ठिकाणचे खाते. ते पहिल्या दिवशी नसले तरी अडत नाही.
- सुमारे दोन तास आणि शक्य असल्यास फोनला जोडता येईल असा कीबोर्ड. आडव्या रेषा, तिरप्या रेषा आणि अवतरणचिन्हे बोटाने टाइप करणे हाच या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे.

## 1. टास्करमधील पसारा आधी आवरा

गिट फाइलींचा इतिहास ठेवते. टास्करमधील तुमचे काम मात्र फाइलींच्या रूपात समोर नसते, ते अ‍ॅपच्या पोटात असते आणि निर्यात केल्यावरच फाइल म्हणून बाहेर येते. त्यामुळे निर्यातीचा घटक कोणता, हे आधी ठरवावे लागते. टास्क, प्रोफाइल, सीन आणि संपूर्ण प्रोजेक्ट यांपैकी काहीही स्वतंत्रपणे निर्यात करता येते. माझे मत स्पष्ट आहे: एका हेतूसाठी एक प्रोजेक्ट असावा आणि निर्यात नेहमी प्रोजेक्टचीच करावी. एकेकटी टास्क निर्यात केली तर तिला चालवणारे प्रोफाइल मागे राहते, आणि सहा महिन्यांनी ती टास्क कशासाठी होती याचा पत्ता लागत नाही.

टास्करच्या तळाशी असलेल्या घराच्या चिन्हावर बोट दाबून धरले की नवा प्रोजेक्ट उघडता येतो. आजवर सगळे काही त्या मूळ घरातच साठवले असेल, तर संबंधित प्रोफाइल आणि टास्क नव्या प्रोजेक्टमध्ये हलवा. हे करताना 'टेस्ट', 'टेस्ट 1' अशी नावेही बदलून टाका, कारण पुढे इतिहासात हीच नावे वाचायची आहेत.

मोठ्या टास्कचे तुकडे करण्याची वेळही हीच. साठ कृतींची एक टास्क ठेवण्यापेक्षा दहा-बारा कृतींच्या पाच टास्क करून त्या 'परफॉर्म टास्क' या कृतीने एकमेकींना जोडाव्यात. त्याचा फायदा सातव्या पायरीवर दिसेल.

## 2. टर्मक्स आणि गिट बसवा

टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या भांडारातून घ्या. प्ले स्टोअरवरील आवृत्तीची वाट वेगळी आहे आणि जुन्या लेखांतील सूचना तिला नेहमी लागू पडत नाहीत. टर्मक्स आणि त्याचे टास्करसाठीचे जोडअ‍ॅप या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून घेणे आवश्यक आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रतींवरील स्वाक्षऱ्या जुळत नाहीत आणि दुसरे अ‍ॅप बसतच नाही. बसत नाही म्हणून घाईघाईने पहिले काढून टाकू नका. त्यामागचे कारण पुढच्या पायरीत आहे.

टर्मक्स उघडून 'पीकेजी अपडेट' आणि त्यानंतर 'पीकेजी इन्स्टॉल गिट ओपनएसएसएच' या आज्ञा द्या. मग 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही आज्ञा देऊन फोनच्या सामायिक साठ्यात शिरण्याची परवानगी घ्या. यानंतर टर्मक्सच्या घरात 'स्टोरेज' नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यातील 'शेअर्ड' या वाटेने टास्करच्या फाइली दिसू लागतात.

गिटला तुमचे नाव आणि ईमेल 'गिट कॉन्फिग'च्या 'ग्लोबल' पर्यायाने सांगावे लागते. हा ईमेल प्रत्येक नोंदीत, म्हणजे गिटमध्ये साठवलेल्या प्रत्येक आवृत्तीत, कायमचा कोरला जातो. रिपो, म्हणजे गिट ज्याचा इतिहास ठेवते तो फोल्डर, पुढे कधी सार्वजनिक करण्याचा विचार असेल तर खरा ईमेल झाकण्यासाठी गिटहब देते तो 'नोरिप्लाय' पत्ता वापरा.

एक सेटिंग मराठी वापरणाऱ्यांनी आत्ताच करून ठेवावे. टास्करच्या प्रोजेक्टचे नाव तुम्ही देवनागरीत ठेवले असेल, तर फाइलीचे नावही देवनागरीत येते आणि गिट ते नाव न दाखवता तिरप्या रेषा व तीन-तीन आकड्यांची रांग दाखवते. 'ख' या एका अक्षराच्या जागी 340, 244, 226 असे आकडे उमटतात. फाइल खराब झाली असे वाटून मी ती दोनदा पुसली होती. 'कोअर डॉट कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केले की अक्षरे जशीच्या तशी दिसतात. टर्मक्सच्या पडद्यावर काना-मात्रा तरीही थोड्या विस्कटलेल्याच दिसतील. तो फक्त टर्मिनलच्या मांडणीचा दोष आहे आणि साठवलेला मजकूर शाबूत असतो.

## 3. रिपो कुठे ठेवायचा, हे विचारपूर्वक ठरवा

जागा दोन आहेत: फोनचा सामायिक साठा, म्हणजे जिथे टास्कर निर्यात करते ती जागा, आणि टर्मक्सचे स्वतःचे घर. नवा माणूस साहजिकच टास्करच्या फोल्डरमध्येच रिपो उघडतो आणि दोन मिनिटांत पहिल्या अडचणीला सामोरा जातो. सामायिक साठ्यातील फाइलींची मालकी अँड्रॉइड वेगळ्या पद्धतीने दाखवते, त्यामुळे 2022 पासूनच्या गिटच्या आवृत्त्या 'मालकी संशयास्पद आहे' अशा अर्थाचा इशारा देऊन काम थांबवतात. तो फोल्डर 'सेफ डॉट डिरेक्टरी'च्या यादीत घालून हे सुटते. पण त्या साठ्यात फाइलींची चालवण्याची परवानगी टिकत नाही, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे) चालत नाहीत आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेदही पाळला जात नाही, त्यामुळे एकातून दुसरी अडचण निघत राहते.

म्हणून रिपो टर्मक्सच्या घरात ठेवा आणि निर्यात केलेल्या फाइली तिथे कॉपी करा. याची किंमत एक आहे: टर्मक्स फोनवरून काढले की त्याचे घरही पुसले जाते आणि घराबरोबर सारा इतिहास जातो. रिपोची प्रत जोवर दुसरीकडे पोहोचलेली नाही, तोवर टर्मक्स काढू नका आणि त्याचा 'डेटा'ही साफ करू नका.

घरात 'स्वयंचलन' अशा अर्थाच्या रोमन नावाचा एक फोल्डर करा, त्यात शिरा आणि 'गिट इनिट' ही आज्ञा 'आडवी रेषा बी' व 'मेन' यांसह द्या, म्हणजे मुख्य शाखेचे नाव गिटहबवरच्या प्रचलित नावाशी जुळेल. आत प्रत्येक प्रोजेक्टसाठी एक उपफोल्डर करा. सर्व प्रोजेक्ट मिळून एकच रिपो पुरतो. मी सुरुवातीला प्रत्येकाचा वेगळा रिपो केला होता आणि पाचव्या रिपोनंतर त्या व्यवस्थेला कंटाळून सारे एकत्र केले.

## 4. निर्यात करा, आणि दोन रूपांत करा

टास्करमध्ये केलेले बदल बरोबरच्या खुणेवर टिचकी मारून आधी पक्के करा. मग प्रोजेक्टच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'एक्स्पोर्ट' निवडा आणि 'एक्सएमएल टू स्टोरेज' हा पर्याय घ्या. फाइलीच्या नावाचा शेवट 'पीआरजे डॉट एक्सएमएल' असा असतो आणि ती सहसा टास्कर फोल्डरमधील 'प्रोजेक्ट्स' या उपफोल्डरमध्ये जाते. फाइलीचे नाव दर वेळी तेच ठेवा. नावात तारीख घालण्याची सवय आता सोडावी लागेल. तारीख सांभाळणे हे गिटचे काम आहे आणि नाव बदलले तर गिटला ती नवीच फाइल वाटते.

पुन्हा एकदा 'एक्स्पोर्ट' उघडा आणि या वेळी 'डिस्क्रिप्शन टू क्लिपबोर्ड' निवडा. टास्कर संपूर्ण प्रोजेक्टचे साध्या मजकुरातले वर्णन देते: कोणते प्रोफाइल, त्याची अट काय, कोणत्या टास्कमध्ये कोणती कृती कोणत्या क्रमांकावर. हे वर्णन 'वर्णन डॉट टीएक्सटी' अशा फाइलीत चिकटवून एक्सएमएलच्या शेजारी ठेवा.

दोन्हींची गरज का, असे विचाराल. एक्सएमएल फोनसाठी आहे. त्यात कृतींची नावे नसतात, आकडे असतात. 'फ्लॅश' ही कृती तिथे 548 असते आणि 'व्हेरिएबल सेट' 547. वर्णन हे तुमच्यासाठी आहे, पण ते टास्करमध्ये परत घालता येत नाही. एकाने प्रोजेक्ट जिवंत करता येतो आणि दुसऱ्याने तो समजून घेता येतो. मी ही जोडी प्रत्येक नोंदीत एकत्रच ठेवतो, आणि आजवर जेव्हा जेव्हा जुन्या इतिहासात शिरलो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा वर्णनाचीच फाइल उघडली.

मेनूमधील 'डेटा' खाली असलेला 'बॅकअप' हा पर्याय वेगळा आहे. तो टास्करमधील सर्वच गोष्टी एका फाइलीत घालतो आणि जागतिक चलांच्या (ग्लोबल व्हेरिएबल्सच्या) किमतीही तिच्यात येतात. संकटकाळासाठी ती फाइल जरूर ठेवावी, पण गिटमध्ये घालू नये. तिच्यात सर्व प्रोजेक्टची सरमिसळ असल्याने कोणता बदल कशाचा, ते कळत नाही. शिवाय पुढच्या पायरीतला धोका तिच्यात सर्वाधिक असतो.

## 5. गुपिते बाहेर काढल्याशिवाय पहिली नोंद करू नका

या पायरीवर घाई करू नका. गिटमध्ये एकदा नोंदलेली गोष्ट पुढच्या नोंदीत पुसली तरी इतिहासात राहतेच. टास्करच्या प्रोजेक्टमध्ये गुपिते कुठे दडलेली असतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चकित झालो होतो.

टेलिग्राम बॉटचा टोकन (पासवर्डसारखी गुप्त अक्षरमाला) किंवा हवामान सेवेची चावी 'एचटीटीपी रिक्वेस्ट' या कृतीच्या पत्त्यात असते, हे बहुतेकांच्या लक्षात येते. पण 'घरी पोहोचल्यावर वायफाय चालू कर' अशा साध्या प्रोफाइलमध्ये तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असतात. 'एसएमएस पाठव' या कृतीत आईचा किंवा वरिष्ठांचा मोबाइल क्रमांक असतो. वायफायच्या अटीत नेटवर्कचे नाव असते. बँकेचा एसएमएस वाचणाऱ्या प्रोजेक्टमध्ये, चाचणीसाठी म्हणून चिकटवलेला एखादा खरा एसएमएस, खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांसह, पडून असतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये असे तीन एसएमएस निघाले.

उपाय असा. प्रत्येक गुपितासाठी एक चल करा आणि कृतीत थेट किमतीऐवजी त्या चलाचे नाव लिहा. ज्या चलाच्या नावात निदान एक मोठे रोमन अक्षर असते तो जागतिक असतो, आणि प्रोजेक्टच्या निर्यातीत त्याचे नाव येते पण किंमत येत नाही. टास्करच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रोजेक्टचे स्वतःचे चलही ठेवता येतात. त्यांत 'एक्स्पोर्टेड व्हॅल्यू' वेगळी देण्याची आणि आयात करताना किंमत विचारण्याची सोय आहे. ती वापरत असाल तर निर्यात होणारी किंमत खऱ्या किमतीपेक्षा वेगळी ठेवली आहे, याची खात्री करा. चलांची यादी, म्हणजे फक्त नावे आणि प्रत्येकात काय भरायचे याचे एक वाक्य, 'रीडमी' फाइलीत लिहा. नवा फोन घेतल्यावर ही यादी सोन्याच्या मोलाची ठरते.

यानंतर विश्वासावर न जाता तपासा. टर्मक्समध्ये 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने निर्यात केलेल्या फोल्डरमध्ये टोकनचे पहिले पाच-सहा वर्ण शोधा, तुमच्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे आकडे शोधा आणि घराच्या अक्षांशाचे पहिले आकडे शोधा. काहीच सापडले नाही, तरच पुढे जा. अक्षांश-रेखांशाची अट चलात नेणे अवघड वाटले, तर तो प्रोजेक्ट खासगी रिपोतच ठेवा आणि तो कधीही सार्वजनिक करायचा नाही, अशी ओळ 'रीडमी'त लिहून टाका. संपूर्ण बॅकअपची फाइल चुकून आत येऊ नये म्हणून तिचे नाव 'डॉट गिटइग्नोअर' मध्येही घाला.

हे सारे करूनही एखादा टोकन बाहेर गेलाच, तर इतिहास साफ करत बसण्याआधी तो टोकन रद्द करून नवा घ्या. टेलिग्रामच्या बॉटसाठी बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटला 'रिव्होक' ही आज्ञा देऊन ते मिनिटभरात होते.

## 6. पहिली नोंद

फाइली सामायिक साठ्यातून रिपोत कॉपी करा. 'गिट स्टेटस' देऊन कोणत्या फाइली आत जाणार आहेत ते पाहा, 'गिट अ‍ॅड' ने त्या निवडा आणि 'गिट कमिट' ने नोंद करा. नोंदीसोबतचा संदेश मराठीत लिहिण्यास काहीही अडचण नाही. मी तो मराठीतच लिहितो, कारण चुकीचे कारण मला मराठीतच नेमके सांगता येते. 'बदल केले' हा संदेश नव्हे. 'पाठवणाऱ्याच्या नावाअखेरचे अक्षर सोडून जुळवणी, नव्या नियमामुळे' हा संदेश आहे. काय बदलले ते गिट दाखवतेच; का बदलले, हे मात्र तुम्ही लिहिले तरच तिथे असते.

## 7. फरक वाचायला शिका, कारण टास्कर गोंगाट फार करते

दुसऱ्या निर्यातीनंतर 'गिट डिफ' द्या. तुम्ही एक शब्द बदलला असला तरी अनेक ओळी बदललेल्या दिसतील आणि नवा माणूस इथेच हिरमुसतो. यामागची कारणे ठरलेली आहेत.

पहिले कारण संपादनाच्या वेळेचे. टास्कर प्रत्येक टास्क आणि प्रोफाइलसोबत ती शेवटची कधी बदलली याची वेळ 'ईडेट' या खुणेत मिलिसेकंदांच्या लांबलचक आकड्याने लिहून ठेवते. तुम्ही टास्क उघडून नुसती पुढे-मागे केली तरी हा आकडा बदलू शकतो. फाइलीच्या पहिल्या ओळीत टास्करची आवृत्तीही असते, त्यामुळे अ‍ॅप अद्ययावत झाले की तीही ओळ बदलते.

यावर दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे नोंद करतानाच त्या ओळी गाळून टाकणे. मी तो वापरत नाही. परत आयात करायची फाइल टास्करने दिली तशीच राहावी, असे माझे मत आहे. दुसरा उपाय असा की फाइलीला हात न लावता फक्त फरक दाखवताना त्या ओळी लपवायच्या. त्यासाठी रिपोत 'डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' ही फाइल करून सर्व एक्सएमएल फाइलींना 'डिफ=टास्कर' असे लेबल द्या. मग 'गिट कॉन्फिग' मध्ये 'डिफ डॉट टास्कर डॉट टेक्स्टकॉन्व्ह' या नावापुढे 'ईडेट' असलेल्या ओळी गाळणारी 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या साधनाची आज्ञा लिहा. अवतरणचिन्हांची इथे फार कसरत होते, तेव्हा ती आज्ञा आधी एखाद्या फाइलीवर स्वतंत्रपणे चालवून पाहा. 'गिट स्टेटस' तरीही फाइल बदलली असेच सांगेल. 'गिट डिफ' कोरे आले, तर खरा बदल काहीच नाही आणि नोंदीचीही गरज नाही.

दुसरे कारण अधिक त्रासाचे आहे. कृतींना एक्सएमएलमध्ये शून्यापासून क्रमांक असतात आणि फाइलीत त्या मोजणीच्या क्रमाने न येता वर्णानुक्रमाने येतात, म्हणजे 1 नंतर 10, मग 11, आणि खूप पुढे 2. टास्कच्या सुरुवातीला एक कृती घुसवली की पुढच्या सर्वांचे क्रमांक बदलतात आणि त्यांच्या जागाही हलतात. तीस कृतींच्या टास्कमध्ये एक ओळ वाढवली आणि अख्खी टास्क लाल-हिरवी झाली, असा अनुभव तुम्हालाही येईल. वर्णनाच्या फाइलीतही कृतींना क्रमांक असतातच, पण तिथे त्या निदान ओळीने येतात आणि नजरेने ताडता येतात. यासाठीच पहिल्या पायरीत टास्क लहान करायला सांगितले. शिवाय एक शिस्त पाळा: कृती घुसवणे किंवा हलवणे ही एक नोंद आणि कृतीच्या आतील मजकूर बदलणे ही वेगळी नोंद. दोन्ही एकदम केले, तर महिन्याभराने तो फरक कोणालाच वाचता येणार नाही.

## 8. रिपोची प्रत फोनबाहेर न्या

गिटहबवर खासगी रिपो मोफत मिळतो. 'रीडमी' वगैरे काही न घालता तो रिकामाच तयार करा, नाहीतर दोन्हीकडचे इतिहास जुळवत बसावे लागते. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही. जुने लेख वाचून पासवर्ड टाकणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते. 'एसएसएच-कीजेन' ने ईडी25519 प्रकारची चावी टर्मक्समध्ये तयार करा आणि तिचा सार्वजनिक भाग, म्हणजे 'पब' असा शेवट असलेली फाइल, गिटहबवर चिकटवा. शेवट नसलेली फाइल खासगी चावी असते; ती कोठेही चिकटवायची नाही.

चावी खात्याला जोडण्याऐवजी त्या एका रिपोला 'डिप्लॉय की' म्हणून, लिहिण्याच्या परवानगीसह जोडावी, अशी माझी सूचना आहे. फोन हरवला तर चोराच्या हाती तुमच्या खात्यातील सगळे रिपो न जाता फक्त एक रिपो जातो. त्यानंतर 'गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन' ने पत्ता द्या आणि 'गिट पुश' करून नोंदी तिकडे पाठवा. पत्ता 'एचटीटीपीएस'चा न घेता एसएसएचचा घ्यावा, एवढे पाहा.

## 9. स्वयंचलनाचे स्वयंचलन, पण बेताने

टास्कर हाताशी असताना हेही आपोआप व्हावे, असे वाटणारच. टर्मक्सच्या घरातील 'डॉट टर्मक्स' फोल्डरमध्ये 'टास्कर' नावाचा उपफोल्डर करा, त्यात रिपोमध्ये शिरून 'गिट पुश' करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि 'सीएचमॉड' ने तिला चालवण्याची परवानगी द्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये टास्करच्या परवानग्यांत जाऊन टर्मक्समध्ये आज्ञा चालवण्याची परवानगी चालू करा. ही परवानगी अतिरिक्त परवानग्यांच्या यादीत लपलेली असते आणि ती दिलेली नसल्यास जोडअ‍ॅप काम करत नाही. यानंतर टास्करमध्ये 'प्लगइन'खाली टर्मक्स:टास्कर निवडून स्क्रिप्टचे नाव लिहिता येते. चावीला सांकेतिक शब्द ठेवला असेल तर तो विचारायला समोर कोणी नसल्याने पुश अडकते; एका रिपोपुरती चावी असण्याचा इथेही उपयोग होतो, कारण तिला सांकेतिक शब्द नसण्याचा धोका मर्यादित राहतो. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून टर्मक्सला वगळा, कारण काही फोन मागे चालणारी अ‍ॅप निर्दयपणे बंद करतात.

मी रात्री चार्जिंग आणि वायफाय दोन्ही असताना फक्त पुश आपोआप करतो. निर्यात आणि नोंद मात्र हातानेच करतो. सुरुवातीला रोज रात्री आपोआप नोंद होईल अशी व्यवस्था केली होती. दोन महिन्यांत 'रात्रीची नोंद' या एकाच संदेशाच्या साठेक ओळी जमल्या आणि त्यांतून हवी ती आवृत्ती शोधणे 'खर्च शेवटचा' शोधण्याइतकेच निरर्थक झाले.

## 10. परत कसे यायचे

मोडतोड होण्याआधीच, एखाद्या निवांत दिवशी, हे एकदा करून पाहा. 'गिट लॉग' मध्ये हवी ती नोंद शोधा आणि तिच्या सांकेतिक क्रमांकाची पहिली सात अक्षरे टिपून घ्या. 'गिट शो' ला तो क्रमांक, कोलन (:) आणि फाइलीची वाट दिली की त्या वेळची फाइल मिळते. ती थेट सामायिक साठ्यात वेगळ्या फोल्डरमध्ये वळवा. अशा रीतीने रिपोतील आजची फाइल जागेवरच राहते.

आयात करण्याआधी 'डेटा'खालील 'बॅकअप' घ्या. जुन्या प्रोजेक्टचे नुसते नाव बदलून नवा आयात करू नका, कारण आतील टास्कची नावे तीच असल्याने त्यांची टक्कर होते. जुना प्रोजेक्ट त्यातील सर्व गोष्टींसह काढा, मग घराच्या चिन्हावर बोट दाबून 'इम्पोर्ट प्रोजेक्ट' करा. 'रीडमी'तील यादी समोर ठेवून चलांच्या किमती तपासा, प्रोफाइल चालू आहेत ना ते पाहा आणि शेवटी बरोबरची खूण दाबून बदल पक्के करा. ही खूण विसरल्यामुळे 'आयात झालेच नाही' असे समजून मी एकदा सारी पायरी पुन्हा केली होती.

जी आवृत्ती आठवडाभर निर्वेध चालली, तिला 'गिट टॅग' ने एक नाव द्या. परत यायची वेळ येते तेव्हा माणूस घाईत असतो आणि त्या घाईत लॉग वाचण्यापेक्षा टॅग शोधणे सोपे जाते.

## टास्कर नसलेल्यांसाठी

मॅक्रोड्रॉइडची निर्यात मजकुराच्या स्वरूपात, जेसनमध्ये असते, त्यामुळे वरील बहुतेक पायऱ्या तिला लागू पडतात. गुपितांची पायरी तर तंतोतंत. ऑटोमेटच्या 'एफएलओ' फाइली मजकुराच्या नसतात. गिट त्या साठवू शकते, पण फरक दाखवू शकत नाही. आयफोनवरील शॉर्टकट्सचीही हीच गत आहे, कारण आयओएस 15 पासून निर्यात होणाऱ्या फाइली स्वाक्षरी करून बंदिस्त केलेल्या असतात. या दोन्ही ठिकाणी प्रत्येक नोंदीसोबत प्रवाहाचा स्क्रीनशॉट आणि स्वतःच्या शब्दांतले चार ओळींचे वर्णन ठेवावे लागते.